नार्वेची फेरी आणि मामांची फायबर होडी

बेळगावकरांचं गोव्याला जाणं दोन तऱ्हेचं असतं. काही जण घाट उतरले की थेट समुद्र गाठतात. उरलेले साखळी-डिचोलीकडे वळून मामा-मावशीच्या घरी पोचतात, जेवतात, झोपतात, आणि समुद्राचं नाव काढेपर्यंत परतायचा दिवस उजाडतो. आमचं घर दुसऱ्या तऱ्हेतलं. त्यामुळे माझ्यासाठी गोवा म्हणजे लहानपणापासून नदीच.

आणि ही नदी तशी आपल्याच मुलखातली. जांबोटी मागे टाकून कणकुंबीला आलं की डोंगराची गंमत कळते. कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेचा उतार धरते, गोव्यात शिरून मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. या पाण्यावरून दोन राज्यांत काय चाललंय ते आपण रोज पेपरात वाचतो, ते इथे नको. मला सांगायचंय ते याच नदीच्या खालच्या अंगाला बांधल्या जाणाऱ्या होड्यांबद्दल, आणि त्यातल्या एका होडीच्या सुकाणूबद्दल.

चोर्ला घाट उतरून केरी, साखळी, डिचोली असं करत नार्वेला पोचायचं. नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ बहुतेकांना माहीत असतं. कदंब राजांचा हा देव. मूळचा समोरच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर देव नदी ओलांडून इकडे आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. देवदर्शन करून लोक इथूनच मागे फिरतात. पण देवळापासून थोडं पुढे गेलं की रस्ता सरळ पाण्यात उतरतो, आणि तिथे फेरीबोट लागते. गोव्यात तिला नुसतं 'फेरी' म्हणतात. दिवाडीला जायचं तर फेरीच. एक नार्वेहून, एक जुन्या गोव्याहून, एक रायबंदरहून. लोखंडी तोंड धक्क्यावर टेकतं, आतली माणसं उतरतात, बाहेरची चढतात आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. माझी सहा वर्षांची मुलगी त्या पाच मिनिटांत किमान तीनदा विचारते की मगर कुठे आहे. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत हे तिला कोणीतरी सांगून ठेवलंय.

बेट गाठल्यावर पहिल्यांदा जाणवते ती सपाटी. मध्ये पिएदादची टेकडी आणि तिच्यावरचं चर्च, बाकी सगळीकडे खाजन शेती. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध, आणि पाणी हवं तेव्हा आत-बाहेर सोडायला मानशी, म्हणजे लाकडी दारांच्या मोऱ्या. बांधाच्या पलीकडे कांदळवन. मे महिन्यात शेतं भाजून पांढरी पडलेली असतात आणि वाऱ्याला खाऱ्या चिखलाचा वास असतो. पहिल्या दिवशी तो वास नकोसा होतो, तिसऱ्या दिवशी त्याची सवय होते.

या शांत दिसणाऱ्या बेटाच्या काठावर जे बांधलं गेलंय ते ऐकलं की माणूस चकित होतो. रत्नाकर दांडेकर यांच्या इथल्या बोटयार्डात 'म्हादई' ही नौदलाची शिडाची नौका बांधली गेली. २००९ मध्ये ती नौदलाकडे आली. त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईला परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी याच नौकेतून कुठेही न थांबता जग फिरून आले. मग याच यार्डात तिची धाकटी बहीण 'तारिणी' झाली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ते करून दाखवलं. खानापूरच्या जंगलात उगवणाऱ्या नदीचं नाव पाठीवर लिहून एक नौका केप हॉर्नला वळसा घालून आली, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांतून सांगायला हवी असं मला फार वाटतं.

'म्हादई'चा सांगाडा बघणाऱ्याला ती फायबरची वाटते. पण तिच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावर काचेच्या कापडाचं आणि इपॉक्सीचं कवच आहे. बाहेर काच, आत हलका गाभा. मामांच्या होडीतही तेच तत्त्व आहे. फक्त तिच्यात गाभ्याला लाकडाऐवजी फोम आहे आणि ती जगप्रदक्षिणेला निघालेली नाही.

मामा नार्वेला राहतात. आयुष्यभर त्यांनी खनिजाच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर म्हणून काम केलं. डिचोलीकडच्या खाणींचं लोखंडाचं खनिज बार्जमधून मांडवीने मुरगावच्या बंदरापर्यंत जायचं, त्या रांगेतली एक बार्ज त्यांची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. त्या काळात बार्ज धक्क्याला लागून गंजत उभ्या असायच्या आणि मामा पोरांना शिकवणीला सोडायचे. दुरुस्तीच्या यार्डात मिळेल ते काम करता करता ते फायबर शिकले. आता वय चौसष्ट. बेटाच्या काठावर एका दुरुस्ती यार्डाच्या टोकाला पत्र्याची एक शेड ओळखीने मिळाली, तिच्यात गेली दोन वर्षं अठरा फुटी शिडाची होडी उभी राहते आहे.

बेत साधा आहे. चतुर्थी झाली, समुद्र निवळला की दिवाडीहून निघायचं, कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरायचं, दोना पावलाला वळसा घालून पणजीला यायचं आणि मांडवीने परत घरी. म्हणजे अख्ख्या तिसवाडीला प्रदक्षिणा. नकाशावर हे सोपं दिसतं. पण दोना पावलापासून आग्वादपर्यंतचा पट्टा नदीचा नाही, उघड्या समुद्राचा आहे. तिथे लाट येते ती थेट अरबी समुद्राची.

मामी या बेताच्या विरोधात नाही, पण तिची एक अट आहे. तिचा भाऊ पंचवीसेक वर्षांपूर्वी लाकडी होडीतून नदीच्या मुखाशी गेला असताना सुकाणू मोडलं होतं. होडी आडवी झाली, उलटली, आणि तो रिकामा कॅन छातीशी धरून तासन्‌तास पाण्यात होता. वाचला, पण त्याने पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. त्यामुळे मामीचं म्हणणं, "शीड फाटलं तर वल्हं मारता येतं. सुकाणू गेलं तर काय करणार? सुकाणूची खात्री पटल्याशिवाय घरातल्या एकाही पोराला त्यात बसवायचं नाही." घरातलं पोर म्हणजे सध्या माझी मुलगी, जिला मामांनी पहिल्या फेरीचं वचन देऊन ठेवलंय.

मे महिन्यात पंधरा दिवस मी तिथे गेलो तेव्हा हे सगळं एका तारखेशी येऊन थांबलं होतं. पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे मुखाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा, बार्जना बंद होतो. मग बार्ज दुरुस्तीला यार्डात येतात. म्हणून एक जूनला शेड रिकामी करून द्यायची असं ठरलेलं. होडी नदी ओलांडून मामांच्या परसात न्यायची. तोपर्यंत सुकाणू आणि आतल्या हवाबंद कप्प्यांची झाकणं होणं भाग होतं, कारण एकदा पाऊस लागला की फायबरचं काम उघड्यावर करता येत नाही. काचेच्या कापडाला दमट हवा लागली की रेझिन त्याला नीट धरत नाही.

आता हे फोमचं प्रकरण काय, ते थोडं समजून घेऊ. फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं कापड आणि ते भिजवणारं रेझिन. सुकलं की कडक. पण नुसत्या फायबरची पातळ फळी वाकते, आणि वाकू नये म्हणून जाड करावी तर वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. इथे बांबू आठवा. बांबू आतून पोकळ, तरी उभा राहतो, कारण ताकदीचा भाग बाहेरच्या अंगाला आहे. वाकताना एका बाजूला ताण पडतो, दुसऱ्या बाजूला दाब, आणि मधल्या भागाला फारसं काम नसतं. मग मधला भाग हलका का नसावा? समजा चार मिलिमीटरची फायबरची फळी आहे. तिचे दोन-दोन मिलिमीटरचे दोन पापुद्रे केले आणि मध्ये चार मिलिमीटर फोम घातला. जाडी दुप्पट. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे दोनाचा घन आठ. त्यातून मधल्या फोमच्या जागेचा एक वजा करा. राहिले सात. वजन जवळपास तेच आणि ताठपणा सातपट. जाडी चौपट केली तर चौसष्ट उणे सत्तावीस, सदतीसपट! कॉलेजात हे सूत्र मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. शेडमध्ये मामांनी एक नुसती पट्टी आणि एक फोमवाली पट्टी हातात देऊन "वाकव" म्हटलं, तेव्हा ते मनगटाला कळलं.

मामांचा सांगाडा याच तत्त्वावर. आधी प्लायवुडचे तात्पुरते साचे होडीच्या आकारात, उलटे उभे केले. त्यांच्यावर पंधरा मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी फोमच्या पट्ट्या बसवल्या. हा फोम गादीतला नव्हे. पावासारखा दिसतो, पण नखाने दाबला तर सहज दबत नाही. एका घनमीटरचं वजन ऐंशी किलो, म्हणजे पाण्याच्या बाराव्या हिश्शाहूनही कमी. त्यावर बाहेरून मॅट आणि रोविंगचे थर दिले. मग सगळी होडी सुलटी केली, साचे काढले आणि आतून थर दिले. सुलटी करायला वाड्यावरची आठ माणसं आली होती, विसर्जनाला गणपती उचलतात तशी "सांभाळ, सांभाळ" करत. नुसता सांगाडा शंभर किलोच्या आत आहे. याच मापाची लाकडी होडी उचलायला आठ माणसं पुरली नसती.

फोम कुठलाही चालत नाही, हे दाखवायला मामांनी एक खेळ ठेवलाय. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा एके दिवशी मासळीच्या पेटीचा थर्मोकोल घेऊन आला. "मामा, हा फुकट आहे, झाकणांना हा वापरूया की." मामा काही बोलले नाहीत. त्यांनी थर्मोकोलचा तुकडा पत्र्यावर ठेवला आणि वर चमचाभर पॉलिएस्टर रेझिन ओतलं. रेझिन तुकड्यात खाली जायला लागलं. मिनिटाभरात तिथे खड्डा पडला, मग भोक, मग नुसता चिकट लगदा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्मोकोलला विरघळवतं. इपॉक्सीने तसं होत नाही, पण होडीला लागणारा जोर थर्मोकोलमध्ये नाही. त्या मुलाने हा प्रयोग मोबाइलवर चित्रित केला आणि उरलेला थर्मोकोल मुकाट्याने परत नेला.

शेडमधलं काम पहाटे सुरू व्हायचं. मेमध्ये दहा वाजल्यानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही आणि रेझिनलाही ते सोसत नाही. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते आतून तापायला लागतं. मगमध्ये तसंच ठेवलं तर उष्णता बाहेर पडत नाही, ते आणखी तापतं, आणि बघता बघता जेलीसारखं होऊन मग फेकून द्यावा लागतो. म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचं. साडेचारशे ग्रॅमची एक चौरस मीटर मॅट भिजवायला साधारण किलोभर रेझिन लागतं. कमी पडलं तर पांढरे कोरडे डाग राहतात, जास्त झालं तर नुसतं वजन आणि ठिसूळपणा. ब्रशने ओढायचं नाही, टोचत टोचत भिजवायचं आणि लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. बुडबुडा निघतो तेव्हा बारीक 'चट' असा आवाज येतो. दुसऱ्या दिवसापासून मला तो आवाज नसला की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र इथे ठळक सांगतो, कारण आपल्यातली तरुण मंडळी व्हिडिओ बघून काहीही करायला घेतात. पॉलिएस्टर रेझिनला दोन गोष्टी लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, हार्डनर त्यानंतर. दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. मामांनी दोन्ही बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवल्या आहेत. "या दोघी सवती," ते म्हणतात, "एका फळीवर ठेवायच्या नाहीत." डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर रसायनांसाठीचा काडतुसांचा मास्क. घासकामाच्या वेळी धुळीचा वेगळा. आणि संध्याकाळी अंगाला सुटणारी खाज. त्यावर मामांचा उपाय म्हणजे आधी गार पाण्याची अंघोळ, चोळायचं नाही. मी पहिल्या दिवशी लॅपटॉप शेडमध्ये नेला होता, दुसऱ्या दिवसापासून घरी ठेवला. काचेची धूळ कीबोर्डात गेली तर कंपनीला काय सांगायचं!

झाकणं तीन दिवसांत झाली. सपाट काम, फारसं सांगण्यासारखं नाही. फक्त एक. जिथे बिजागरी आणि कडी बसणार तिथला फोम आधी कोरून काढायचा आणि त्या जागी सागाचा तुकडा किंवा घट्ट फायबरचा ठोकळा बसवायचा. बोल्ट आवळला की फोम चेपतो, चेपला की बोल्ट सैल होतो, सैल बोल्टातून पाणी आत जातं आणि आतल्या आत पापुद्रा सुटायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही.

बाहेरून काही दिसत नाही, हाच सुकाणूचा प्रश्न होता.

मी पोचलो तेव्हा सुकाणू तयार होतं. मामांनी मार्चमध्ये एकट्याने केलेलं. एक मीटर दहा सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद, माशासारखं पुढे गोल आणि मागे निमुळतं, वर पांढरा जेलकोट, आरशासारखा. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "मामा, हे झालंच की. मग घाई कसली?"

मामांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं. "वाजवून बघ."

आपल्याकडे बाजारात मडकं घेताना आजी बोटाच्या पेराने वाजवून बघते ना, तसंच हे. जिथे पापुद्रा फोमला घट्ट चिकटलेला असतो तिथे नाणं टणटण वाजतं. जिथे सुटलेला असतो तिथे आवाज बसका येतो. मी वरून वाजवत खाली आलो. टण, टण, टण. मध्याच्या थोडं खाली, डाव्या अंगाला, भद्. पुन्हा भद्. मामांनी पेन्सिल दिली. बसक्या आवाजाच्या कडेने रेघ मारत गेलो. शेवटी तळहाताएवढी जागा निघाली. पाण्यात सुकाणूवर सगळ्यात जास्त जोर जिथे येतो, नेमकी तिच्या जवळ.

"महिनाभर मी रोज वाजवतोय," मामा म्हणाले. "रोज वाटतं, आज आवाज बरा येईल."

आमच्या धंद्यात यावर एक सोपा उपाय असतो. तेवढ्याच जागी डागडुजी करा, बाकी चालतंय ना? मी तो सुचवलाही. बारीक भोकं पाडून सिरिंजने इपॉक्सी आत भरता येतं, यार्डातही असं करतात. खर्च शंभर-दोनशे रुपये, वेळ एक दिवस. नवीन सुकाणू करायचं तर फोम नवा, इपॉक्सी नवं, आणि हातात अकरा दिवस. त्यात वळवाचा पाऊस आलाच तर किती दिवस जातील याचा भरवसा नाही.

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भरलं तर आवाज टणटण येईल. पण बाकीच्या जागी पापुद्रा कसा बसलाय, ते मला कळणार नाही. एका जागी सुटलाय तर कशाने सुटलाय ते बघायला हवं." आणि त्यांनी करवत घेतली.

पांढऱ्या आरशासारख्या त्या सुकाणूवर करवत चालताना बघवत नव्हतं. मधोमध कापून दोन तुकडे झाले. उन्हात नेऊन बघितले. पापुद्रा आणि फोम यांच्यात बसक्या जागी केसभर फट, आणि फटीत पिठासारखी पांढरी भुकटी. घासलेल्या फोमची धूळ. आणखी एक गोष्ट दिसली. फोम कापला की त्याच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म पेशी उघड्या पडतात आणि त्या रेझिन पितात. वरच्या कापडाला जे रेझिन चिकटायला हवं ते फोमनेच शोषून घेतलं होतं. बसक्या जागेच्या बाहेर, जिथे आवाज चांगला होता तिथेही मामांनी सुरीचं टोक घालून उचकटलं. थोड्या जोराने पापुद्रा निघून आला. मामा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, आणि मीही सिरिंजचा विषय पुन्हा काढला नाही.

नव्या सुकाणूला मामांनी पॉलिएस्टर सोडून इपॉक्सी घेतलं. महाग पडतं, पण फोमला धरतं चांगलं. फोमच्या दोन पाट्या चिकटवून ठोकळा केला, वरच्या भागात जिथे दांडा आणि लोखंडी बिजागऱ्या येतात तिथे साग घातला. मग आकार. प्लायवुडचे दोन नमुने कापून कडेला लावले आणि सॅंडपेपरच्या लांब पट्टीने घासत घासत निमुळता केला. धूळ आधी ब्रशने, मग व्हॅक्यूमने, मग पुन्हा व्हॅक्यूमने. त्यानंतर इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे कालवून दह्यासारखी पुट्टी केली आणि ती पातळ हाताने सगळ्या फोमवर ओढली, म्हणजे उघड्या पेशी भरून निघाव्यात. ती चिकट असतानाच वरून कापड. एका बाजूला तीन थर, रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी उलटी बाजू. कडेला दोन्ही बाजूंची कापडं एकमेकांवर चढवली, म्हणजे कड उसवायची नाही.

चौथ्या रात्री पाऊस आलाच. पत्र्यावर ताशा वाजावा तसा. आम्ही फेरी बंद व्हायच्या आत शेडवर पोचलो. सुकाणू ताडपत्रीखाली होतं, खाली मामांनी साठ वॉटचे दोन जुने बल्ब लावून ठेवले होते, अंडी उबवायला लावतात तसे. हात लावून बघितलं, उबदार होतं. मामा तिथेच सतरंजी टाकून झोपले. मामीने डब्यातून पाठवलेली सोलकढी त्यांनी सकाळी प्यायली.

या यार्डापासून फार दूर नाही, याच बेटावर, फोम आणि रेझिनच्या अगदी उलट्या टोकाचं काम झालंय. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून 'कौंडिण्य' हे जहाज इथे उभं राहिलं. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली, लोखंडी खिळ्यांनी न जोडता, फळ्या काथ्याच्या दोराने शिवून. २०२३ मध्ये काम सुरू झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. मामांना मी विचारलं, तुम्हाला कोणतं खरं वाटतं? त्यांना प्रश्नच पटला नाही. "शिवणाराही टाका ओढून बघतो," म्हणाले, "मी नाणं वाजवतो."

सुकाणू सुकल्यावर नाणं वाजवलं. दोन्ही बाजू, वर, खाली, कडा. सगळीकडे टण. पण मला तेवढ्यावर समाधान नव्हतं, आणि इथे माझं शिक्षण थोडं कामाला आलं. होडीचा वेग पाच नॉट धरला, म्हणजे सेकंदाला अडीच मीटरच्या थोडं वर. पाण्याखाली राहणारा भाग ऐंशी सेंटिमीटर गुणिले तीस. सुकाणू जोरात फिरवलं तर त्यावर पडणारा जोर काढला तर पंच्याऐंशी किलोच्या आसपास निघतो. लाटेचा हिसका धरून दीडपट घेतला, म्हणजे सव्वाशे किलो. सुकाणूचं डोकं, सागाचा भाग, दोन जाड वाशांच्या मध्ये शिकंजांनी आवळून आडवं धरलं. मग तांदळाच्या पंचवीस किलोच्या पाच गोणी. या गोणी मामी देणार नाही अशी माझी खात्री होती. पण ती स्वतः फेरीतून आली, गोणींच्या मागोमाग.

एकेक गोण ठेवत गेलो. टोकाशी पट्टी उभी करून खूण केली होती. तिसऱ्या गोणीला टोक अकरा मिलिमीटर खाली आलं. पाचव्या गोणीला अठरा. कुठे करकर नाही, तडकण्याचा आवाज नाही. दहा मिनिटं तसंच ठेवलं. शेजारचा मुलगा पुन्हा चित्रण करत होता. मग गोणी उतरवल्या, टोक परत खुणेवर आलं, अगदी रेघेवर. पुन्हा सगळीकडे नाणं वाजवलं.

मामी इतका वेळ स्टुलावर बसून बघत होती. ती उठली, माझ्या हातातलं नाणं न घेता तिने मधल्या बोटाच्या पेराने सुकाणूवर तीन-चार जागी टकटक केलं, कान जवळ नेऊन ऐकलं, आणि म्हणाली, "जुन्याचे तुकडे कुठे आहेत?" मामांनी ते शेडच्या कोपऱ्यातून आणून दिले. तिने तेही वाजवून बघितले. मग म्हणाली, "पोरीला जुवारीपर्यंत न्या. दोना पावलाच्या पुढे यंदा नाही. पुढच्या वर्षी बघू." मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

तीस तारखेला भरतीच्या वेळी होडी शेडमधून ओंडक्यांवरून पाण्यात सरकवली. डोलकाठी नाही, शीड नाही, रंगही नाही, नुसतं राखाडी अंग आणि मागे पांढरं सुकाणू. ओळखीच्या एका माणसाच्या मोटारबोटीने दोर लावून तिला नार्वेकडे ओढलं. मामा सुकाणूच्या दांड्यापाशी, मी नाळेकडे. ओहोटी लागायच्या आधीचं पाणी स्थिर होतं, तरी मध्यावर प्रवाहाने होडी एका अंगाला सरकायला लागली. मामांनी दांडा बोटभर वळवला, नाळ जागेवर आली. बाजूने फेरी गेली, तिच्या लाटेवर आम्ही दोनदा वरखाली झालो. नार्वेच्या धक्क्यावर माझी मुलगी मामीचा हात धरून उभी होती आणि तिथूनच ओरडून विचारत होती की मगर दिसली का.

सध्या होडी मामांच्या परसात फणसाखाली ताडपत्री पांघरून आहे. डोलकाठी आणि शीड बाकी आहे, कागदपत्रं बाकी आहेत. रंगाचं ठरलेलं नाही. मामी निळा म्हणते, मुलगी पिवळा. जुन्या सुकाणूचे दोन तुकडे मामांनी फेकलेले नाहीत. शेजारच्या मुलाला फायबर शिकायचंय, त्याला पहिला धडा त्यांच्यावरच द्यायचा म्हणतात. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात तर सप्तकोटेश्वराहून मागे फिरू नका. रस्ता संपतो तिथे फेरी आहे, आणि भरतीची वेळ बघून निघालात तर बेटावरच्या मानशी उघडताना बघायला मिळतील.